हातचं राखून

“मग? भावाने हात सोडला की धरला?” केलेमेते आबांनी विचारलं.

“ते दाखवलंच नाही,” तेआलोफी म्हणाली. “पडदा काळा झाला. उरलेलं तिसऱ्या भागात, असं लिहून आलं. संपलं.”

गावच्या बैठकीत चटयांवर बसलेलं अख्खं नुकुनोनू बेट तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. तेआलोफी मोतीबिंदू काढायला समुद्रापलीकडे आपिया शहरात निघाली, तेव्हाच गावाने बजावलं होतं: वारा थोपवणाऱ्या पोरीच्या सिनेमाचा दुसरा भाग तिथे लागलाय, तो बघून ये आणि आल्यावर सांग. तो रंगवलेल्या चित्रांचा सिनेमा. पहिला भाग शाळेच्या भिंतीवर लावला, तेव्हा म्हाताऱ्यांनीसुद्धा चारदा पाहिला होता. आता थिएटर बोटीने दीड दिवसावर. सगळं गाव काही जायचं नव्हतं, म्हणून एकीचे डोळे पाठवले.

आणि तिने सांगितलंही झोकात. काचेचं शहर सांगितलं. मुखवट्यामागचा वैरी पोरीचा सख्खा भाऊ निघाला, ते सांगितलं. आभाळाला तडा जातो, पोरगी त्या भेगेत लोंबकळते, भावाने तिचं मनगट धरलेलं असतं आणि त्याचं एकेक बोट सुटत जातं. इथवर आली आणि थांबली. तिथेच थांबला होता सिनेमा, तर ती तरी काय करणार?

“असा मधेच कुणी सिनेमा संपवतं होय?” मागून कुणीतरी कुरकुरलं.

“अहो, तिथली माणसंही चिडली की. माझ्या पुढच्याने लाह्यांचा पुडा पडद्यावर फेकला. मी दारावरच्या माणसाला म्हटलं, बाबा रे, उरलेला लाव, मला बोट गाठायचीय. तर म्हणतो, आजी, दोन वर्षांनी या. सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली मेल्यांनी.”

कुणी हसलं नाही. मग मातालेना बोलली. तेआलोफीच्या धाकट्या भावाची, पासिलिओची बायको; त्या दोघांची चूल वेगळी. तिचा आवाज नेहमी मधात बुडवलेला असायचा.

“वन्सं दमल्या असतील हो. उरलेलं घरी गेल्यावर आठवेल त्यांना. घरच्यांपुरतं.”

तेआलोफीला कानाखाली बसल्यासारखं झालं. नुकुनोनूत होड्यांतून मासळी उतरली की कुणी तिला हात लावत नाही. वाळूवर ढीग लागतात आणि डोकी मोजून गावभर सारखी वाटणी होते. तिला इनाती म्हणतात. पाळण्यातल्या पोराचाही त्यात वाटा असतो. एक मासा होडीत दडवून ठेवला, तर तो चोर. त्याच्या नातवंडांनाही लोक चोराची म्हणून ओळखतात. आणि तेआलोफी तर घराण्यातली थोरली बहीण, घरातल्या वाटणीचा मान तिचाच. घरात आलेला घास एकतीस वर्षं तिच्या हातून वाटला जात होता. खोबऱ्याचा तुकडा तिने कधी कुणाला कमी दिला नव्हता. तिची सगळी ऐट त्या हातात होती.

“मी काही राखून ठेवलं नाही,” ती म्हणाली. “जेवढं आलं, तेवढं वाटलं.”

पण अर्धीच गोष्ट घेऊन दीड दिवसाचा समुद्र कोण पार करेल? गावाला ते पटेना. मोबाइलचा टॉवर तीन आठवडे बंद, आपियाला कुणाला विचारायचीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बायका म्हणाल्या, “शेवट काय खारवून ठेवलाय का गं?” पोरं तिच्या कुडाला कान लावून बसायला लागली, घरच्यांना ती शेवट कधी सांगते ते ऐकायला. तिने एकाचा कान पिळला, तर तो म्हणाला, “आमचा पण वाटा आहे, आजी.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मासळी आली. ढीग लागले. वाटणाऱ्याने तेआलोफीच्या घराचं नाव पुकारलं. ती टोपली घेऊन पुढे झाली, तशी मातालेना म्हणाली, “यांना डोकं तेवढं द्या. शेपूट तिसऱ्या भागात.”

सगळा किनारा हसला. केलेमेते आबाही हसले. तेआलोफीने भावाकडे पाहिलं. पासिलिओ दहा पावलांवर गुडघे टेकून मासे साफ करत होता. बायकोला गप्प बस म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. त्याने मान वर केली नाही.

तिने टोपली वाळूवर ठेवली.

“ऐका,” ती म्हणाली. “भावाने हात सोडला नाही. चार बोटं सुटली, अंगठा राहिला. त्या एका अंगठ्यावर त्याने बहिणीला वर ओढलं. मुखवटा समुद्रात भिरकावला. म्हणाला, तुझ्याबद्दल जग काय वाटेल ते बोललं, मी बोलू द्यायला नको होतं. मग दोघांनी मिळून आभाळ शिवलं. बहिणीचा हात सोडणारा भाऊ अजून जन्माला यायचाय.”

एक शब्दही खरा नव्हता. पण किनाऱ्याने केवढा श्वास सोडला. पोरं पाण्यात धावली. केलेमेते आबांनी बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, “आता कसं. आता पुरी झाली वाटणी.” वाटणाऱ्याने अख्खा मासा तिच्या टोपलीत घातला. मातालेना आपली टोपली उचलून मागे सरली. तीन दिवसांत पहिल्यांदा तेआलोफीची मान ताठ झाली, आणि तिने पुन्हा भावाकडे पाहिलं.

पासिलिओने सुरी खाली ठेवली. हात धुतले. तिच्याजवळ येऊन, खालच्या आवाजात, तीन दिवसांतलं पहिलं वाक्य तो बोलला.

“मग इतके दिवस लपवलं का होतंस, आक्का?”