शून्यावरची सुई

विजेचा अडथळा मोजणाऱ्या मीटरची सुई शून्यावर बसली आणि वामनराव सरांनी टेबलावर अशी थाप मारली, की चहाचा कप उलटता उलटता वाचला.

"आलं! नागपुरात आलं! गणपतराव, जा गा, संत्रा बर्फी आणा दोन किलो. चार वाजता कुलगुरू येऊन राहिले."

शिपाई गणपतराव सायकलवर टांग टाकून गेलेसुद्धा. त्यांची विद्यार्थिनी अरुंधती मात्र जागची हलली नाही. सत्त्याऐंशी साल ते. जगभरच्या प्रयोगशाळा भट्टीत भाजलेल्या भुकटीच्या या काळ्या टिकलीमागे हात धुऊन लागल्या होत्या. गुरांच्या दवाखान्यातून मागून आणलेल्या द्रव नायट्रोजनात ती बुडवायची. गारठली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते, असा बोलबाला. ते इथे खरं ठरलं तर अरुंधतीला पीएचडी, आणि महिनाअखेर निवृत्त होणाऱ्या सरांचं आयुष्यात पहिल्यांदा पेपरात नाव.

पण सुई हळूहळू उतरायला हवी होती. ही तर बुडवल्याबरोबर धाडकन पडली. एवढं सोपं असतं होय? तिच्या मनात पाल चुकचुकली.

"काहून वं तोंड पाडून बसली? सुतक आहे का?"

"सर, टिकली बाहेर काढून पाहते. तापली की अडथळा परत आला पाहिजे. नाही आला, तर आपलंच काहीतरी चुकलं."

"शुभ बोल नाऱ्या!" सर करवादले.

तिने टिकली तारांसकट बाहेर काढून कागदावर ठेवली. मे महिना, कूलर नुसताच घरघरत होता. टिकलीवरचा बर्फ वितळला, पाणीही सुकलं. अर्धा तास गेला. सुई शून्यावरून ढिम्म हलली नाही.

"पाहा!" सर उठून उभे राहिले. "चाळीस डिग्रीतही शून्य! अमेरिकेलेही नाही जमलं हे!"

तीस वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस हे मनापासून बोलतोय? अरुंधतीने सरांकडे निरखून पाहिलं. सरांनी नजर खिडकीकडे वळवली.

तिने भिंग लावलं. भीती होती तेच निघालं. मीटरला जाणाऱ्या दोन तारा सरकून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांच्याखाली विटेचा तुकडा ठेवला असता, तरी सुईने शून्यच दाखवलं असतं.

"सर, तुम्हीच बघा. तारा चिकटल्यात."

खाली फाटकाशी मोटारीचा हॉर्न वाजला. सरांनी कॉलर नीट केली आणि ते भिंगावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. अरुंधतीने बाजूने डोकावून पाहिलं. सरांचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते.

"मले तर काहीच दिसत नाही वं," ते म्हणाले.