नागरिकत्वाचा कागद

लाफाएलेच्या पासपोर्टवर छापलं होतं, 'हा अमेरिकी प्रजाजन आहे, अमेरिकी नागरिक नव्हे.' पॅसिफिकमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या तुतुइला बेटावर जन्मलेल्या सगळ्यांचंच तसं.

तो फौजेत निघाला तेव्हा मामाने टोमणा मारला, "वा रे भाच्या! गोळी खायला चालतोस, राष्ट्राध्यक्षाला मत द्यायला नाही!"

"लढून आलो की नागरिकत्वाचा कागदही मिळेल, मामा."

"कागद घाल चुलीत," आई फुआतिनो त्याच्या गळ्यात फुलांची माळ घालत म्हणाली, "तू घरी ये."

आठव्या महिन्यात परमुलखात त्याच्या गाडीखाली सुरुंग फुटला. लोखंड फाटलं, वाळू रक्ताने काळी पडली, आणि सोबत्यांनी त्याला घोंगडीत वेचून गोळा केलं.

बेटाच्या रीतीप्रमाणे घरापुढच्या अंगणातच थडग्याचा खड्डा खणला होता. त्याच्या काठाशी, केवड्याच्या पानांच्या तलम चटईवर शवपेटी ठेवली. फौजेच्या अधिकाऱ्याने टोपी काढून कागद पुढे केला.

"आई, लढाईत पडलेल्याला कायदा हा मान देतो. तुमचा लाफाएले आता पूर्ण नागरिक झाला."

फुआतिनोने कागद घेतला नाही. तिने पेटीचं झाकण उचललं आणि पायथ्यापर्यंत पाहून घेतलं.



"पूर्ण? मग पाय कुठे ठेवून आलास रे त्याचे?"