काडी कोणाची

शहाण्णव साली कृषी खात्याचे चौगुले साहेब कुरुंद्याजवळच्या बंजारा तांड्यावर आले, तेव्हा रूपाबाई कढईतल्या हळकुंडाला खराट्याची काडी टोचून हळद शिजली की नाही ते बघत होती. साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं, चहा घेतला आणि जाताना किलोभर हळदही बांधून घेतली.

आठ वर्षांनी रूपाबाईची मुलगी संगिता कृषी पदविकेच्या परीक्षेला बसली. 'हळद शिजल्याचे ओळखण्याची काडी-चाचणी कोणी शोधली?' या प्रश्नाला तिनं आईचं नाव लिहिलं. तपासणाऱ्यानं शून्य दिलं आणि लाल पेनानं शेरा मारला, 'मनाचे लिहू नये.' संगिता एका मार्कानं नापास झाली.

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी ती अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होती. खरं लिहावं तर वर्ष जातं, खोटं लिहावं तर हात धजत नाही.

"काहून फिरून राहिली गं? बस जरा," रूपाबाई म्हणाली. "अन् वाचून तर दाखव, सायबानं पुस्तकात काय लिहिलंय."

संगितानं पुस्तक उघडलं. "'चौगुले चाचणी. कढईतील सर्वांत बारीक हळकुंडास काडी टोचावी. काडी आरपार गेल्यास सर्व हळद शिजली असे समजावे.'"

"बारीक तर पहिलंच शिजते. टोचावं लागते जाड्याला."

"मग उद्या काय लिहू, याडी?" संगितानं आईला विचारलं.



"सायबाचंच नाव लिही. ही चाचणी माझी न्हाई."