नुसता ओढा

तिसऱ्यांदा मोजूनही आकडा तेराच आला.

ओढ्यातून काढून आणलेला फरशीचा पांढरा तुकडा थाळीतल्या पाण्यात पडला होता आणि त्याला चिकटलेल्या काळ्या माशीच्या अळ्या खुशाल वळवळत होत्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अशाच तुकड्यावर दोनशेच्या वर असायच्या. मोजता मोजता नाकी नऊ यायचे. आता तेरा. तिनं आकडा वहीत लिहिला नाही, पेन्सिल धरून नुसती बसून राहिली. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचा आज शेवटचा दिवस होता.

"नुसत्याचा आकडा आला का गं?" मॅडमनी टेबलापलीकडून विचारलं.

डास आणि काळ्या माश्या आटोक्यात आणायचं हे काम दोन ओढ्यांवर चाललं होतं. टेकडीच्या अलीकडच्या ओढ्यात दर आठवड्याला अळ्या मारायचं औषध टाकायचं. पलीकडच्यात काही टाकायचं नाही, फक्त मोजायचं; तुलनेला एक ओढा लागतोच. प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसता ओढा म्हणत. त्याच्या काठी चाळीस घरं होती, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

"तेरा," ती म्हणाली.

मॅडमनी आकडा संगणकावर चढवला. पडद्यावर एक निळी आणि एक लाल रेघ हातात हात घालून खाली उतरत होत्या. मॅडम त्या रेघांकडे बघत राहिल्या. आठ वर्षं त्या या औषधाच्या मागे होत्या. मॅडमना घरच्यांचे वाढदिवस आठवत नाहीत, अळ्यांचे मात्र पाठ आहेत, अशी त्यांची थट्टा चालायची आणि त्याही हसायच्या.

"दोन्हीकडे सारखंच," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "म्हणजे यंदा अळ्या आपोआपच कमी झाल्या. औषधाचा काही संबंध नाही. चार वाजता समितीला हेच सांगायचं. बंद करा म्हणतील. म्हणू देत."

त्यांनी पुसायला म्हणून चष्मा काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, मी टाकलं."

"काय टाकलंस?"

"औषध. पलीकडच्या ओढ्यात. डब्याच्या तळाशी उरायचं ते. पाच आठवडे."

तिथं एका बाईंचं दीड वर्षाचं पोर होतं. माश्या चावून चावून पापण्या इतक्या सुजलेल्या, की डोळे मिटलेलेच. आई त्याच्या तोंडावर ओलं फडकं धरून बसायची आणि ते फडकं श्वासाबरोबर वरखाली व्हायचं. पहिल्या दिवसापासून ती बाई हिला औषधवाली ताई म्हणायची. हिनं चारदा समजावलं, आम्ही फक्त मोजतो. बाई म्हणायची, "मोजून झालं की टाकाल ना." पाचव्यांदा समजवायला हिची जीभ रेटली नाही. एवढंच होतं ते. पण इथं, या टेबलाशी सांगताना तिचं तिलाच ते लंगडं वाटलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती टाकायचीस?"

"दोन झाकणं."

"पुलाच्या वरच्या अंगाला की खालच्या?"

"वर."

मॅडमनी सगळं एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं, तारखांसकट. हात सवयीनं चालत होता. मग तो मध्येच थांबला.

"दोन झाकणांत दोनशेचे तेरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे चालतं गं."

क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला. तो बघून तिला रडू फुटलं.

"मी येते समितीपुढं. मीच सांगते सगळं."

"आणि ते काय म्हणतील? आकडे अंगाशी आले, म्हणून इंटर्नला पुढं केलं. त्यांच्या जागी मी असते, तर मीही हेच म्हटलं असतं." मॅडमनी कागदाची घडी घातली. "मी सांगेन, प्रयोग फसला. का फसला ते मी बघून घेईन, तुझं अजून सगळं व्हायचंय. पण पुढच्या उन्हाळ्याचे पैसे आता ते देणार नाहीत. टेकडीच्या अलीकडेही औषध बंद, पलीकडेही. तुझ्या त्या पोराला किती दिवस मिळाले? पंधरा दिवसांत ओढा पुन्हा अळ्यांनी भरेल."

तिनं वही मिटली.

दार ढकलून ड्रायव्हरकाका आत आले. दोन्ही ओढ्यांत बांधलेल्या उरलेल्या फरश्या सोडवून आणायला ते सकाळीच गेले होते. त्यांनी ओली बादली कोपऱ्यात ठेवली.

"काय डॉक्टरीणबाई, आवरलं का? स्टँडवर सोडायचंय तुम्हाला." दोन महिने ते तिला याच नावानं चिडवत होते. तिचे डोळे बघून त्यांचा आवाज उतरला. "जाताना रडू नये हो. तुमच्यासाठी निरोप आहे. त्या पलीकडच्या बाई म्हणाल्या, पोर टकामका बघतंय आता सगळ्यांकडे. औषध लागू पडलं म्हणावं, आणि पुढच्या उन्हाळ्यालाही ताईंनाच पाठवा."

तिनं तोंड फिरवलं. काका अवघडून दाराकडे सरकले.

मॅडमनी घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला. सगळ्यात खाली लिहिलं, 'औषध लागू पडलं', आणि पुढं आजची तारीख टाकली. मग कागद खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं, आणि दुसरा कागद घेऊन त्या समितीच्या खोलीकडे निघाल्या.