क्लचवरचा पाय

"गिअरबॉक्स गेलाय," मेस्त्रीने तोंड उघडायच्या आधीच मुलाने निदान करून टाकलं. "हिच्यामुळे. क्लच धाडकन सोडते ना."

"धाडकन सोडते म्हणे!" आई उसळली. "कॉलेजात जाईपर्यंत याच जीपमधून हिंडलास की रे दादू. तेव्हा नाही मान मोडली तुझी."

"तेव्हा तू म्हातारी नव्हतीस."

बोलून गेला खरा, आणि मग उगाच टायर बघत बसला.

गिअर टाकून निघालं की जीपच्या पोटातून 'खट्' व्हायचं. रिव्हर्स टाकला की पुन्हा 'खट्'. यावरून सकाळी घरात चांगली खडाजंगी झाली आणि ठरलं, की दोष आईच्या चालवण्याचा निघाला तर किल्ली मुलाकडे आणि गाडी विकायची. गिऱ्हाईकसुद्धा त्याने परस्पर बघून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता हो, काळजीपोटीच करत होता सगळं. तीच तर पंचाईत. काळजी करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? गाडी गेली की बहिणीकडे जायचं असो की बाजारात, दारात उभं राहून 'कुणी सोडता का मला?' असं विचारायचं. मरणापेक्षा आईला त्या एका वाक्याची धास्ती होती.

मेस्त्री हात पुसत आला. अंगाने आडवा, तोंडाने त्याहून आडवा. "मावशी, साहेब म्हणतात तेच असणार. या वयात पाय ऐकत नाही. उतरवून टाकू गिअरबॉक्स."

"न बघताच? अहो, डॉक्टरसुद्धा पोट फाडायच्या आधी दाबून बघतो."

मेस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने जीप गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, चाकांना पुढून-मागून ओंडके लावले आणि टॉर्च घेऊन खाली उतरला.

"कुणीतरी आत बसा," खालून त्याचा आवाज आला. "इंजिन चालू. ब्रेक दाबून पहिला गिअर टाका आणि क्लच हळूहळू वर घ्या. गाडी ओढ घेईल तिथेच पाय धरून ठेवायचा. इंजिन बंद पडायचं नाही अन् गाडी हलायची नाही. मग रिव्हर्समध्ये तसंच. ताण आला की कुठे खटकतंय ते दिसेल मला."

मुलगा लगबगीने चढून बसला. क्लच सुटला, जीपने असा हिसका दिला की ओंडका करकरला, आणि इंजिन गपगार.

"अहो साहेब! बायकापोरं आहेत मला!"

"सवय नाही या गाडीची," मुलगा पुटपुटला. त्याने पुन्हा करून बघितलं, पुन्हा हिसका. या वेळी खड्ड्यातून जे ऐकू आलं ते गिऱ्हाइकासमोर बोलायचं नसतं.

"उतर," आई म्हणाली.

"आई, खाली माणूस आहे."

"दिसतोय मला. म्हणूनच म्हणते, उतर."

मेस्त्रीने खड्ड्यातून डोकं वर काढलं. "मावशी, जमेल ना?"

"तुम्ही तुमचं बघा."

तिने चपला काढल्या आणि अनवाणी पाय क्लचवर ठेवला. तो हळूहळू वर आला. इंजिनाचा आवाज जड झाला, जीप थरथरू लागली, पण जागची हलली नाही. पोटात 'खट्' झालं. तिने क्लच दाबला, रिव्हर्स टाकला, पुन्हा वर घेतला. 'खट्'.

"परत!" मेस्त्री ओरडला. तिने परत केलं. "अजून एकदा!" तेही केलं. ओंडक्याने हूं की चूं केलं नाही. मुलगा तिच्या पायाकडे बघत होता. तो पाय एवढ्या जवळून त्याने कधी बघितलाच नव्हता.

"सापडलं! क्रॉस गेलाय!" खालून आरोळी आली. "मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा. गिअरबॉक्सला काहीसुद्धा झालेलं नाही. ग्रीसचा थेंब नाही हो याच्यात! सर्व्हिसिंगला कोण आणतं ही गाडी?"

मुलगा पुन्हा टायर बघू लागला. 'तुला नाही जमायचं, मीच नेतो' म्हणत तोच न्यायचा आणि नुसती धुऊन आणायचा.

मेस्त्रीने शाफ्ट उतरवला, जुना क्रॉस ठोकून काढला. आतून गंजाची तांबडी भुकटी सांडली. नवा बसवला, ग्रीस भरलं, नटबोल्ट आवळले. मग आईकडे वळून म्हणाला, "मावशी, गाडी अशी धरून ठेवणारं माझ्या गॅरेजात मी सोडून कुणी नाही."

"मग मघाशी वय कुणाचं काढलंत?"

मेस्त्रीने जीभ चावली आणि मनापासून हसला. आई नाही हसली. तिला राग आला होता आणि तो तिने गिळला नाही.

"दमली असशील," मुलगा मऊ आवाजात म्हणाला. "घरापर्यंत मी चालवतो."

"तुझ्याकडची दुसरी किल्ली दे."

त्याने दिली.

"आता त्या गिऱ्हाइकाला फोन कर. इथेच, माझ्यासमोर."

त्याने केला. गाडी विकायची नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तो इतकं हळू बोलला, की पलीकडे ऐकूच गेलं नाही.

मग ती स्टिअरिंगवर बसली आणि तो शेजारी. जीप निघाली. कुठे खट् नाही, खुट् नाही. चढ गेला, उतार लागला, पुढे एक ट्रक आडवा वळत होता. मुलाचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेला. आईने गिअर उतरवला, ट्रकला जाऊ दिलं, पुन्हा वेग घेतला. पुढच्या वळणावर त्याचा पाय पुन्हा दाबला गेला, अगदी जोर लावून.

"पाय उचल, दादू," रस्त्यावरची नजर न हटवता ती म्हणाली. "तिथे ब्रेक नसतो."