मागची बाजू

"फक्त काच बदल, मागची बाजू उघडू नकोस," असं बजावून तुर्की इंजिनियर नकाशाची फ्रेम ठेवून गेला. आता काच मागूनच बसते, हे साहेबाला कोण सांगणार? आखातातल्या मनामा शहरातल्या आपल्या दुकानात अब्बास परकारने गुपचूप खिळे काढले. तुर्कस्तानच्या नकाशामागे दुसरा, जुना नकाशा होता. पुढच्यावर जिथे 'अनातोलिया' छापलं होतं, तिथेच मागच्यावर 'आर्मेनिया'. त्यात एका गावाभोवती पेन्सिलीने गोल केलेला. 'आर्मेनिया' हे नाव घेतलं म्हणून साहेबाने गेल्या महिन्यात एका आर्मेनियन ड्राफ्ट्समनचा व्हिसा रद्द करवला होता, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

संध्याकाळी साहेब आला. त्याने आधी दार लावून घेतलं, तसं दारामागचं अठ्ठ्याहत्तरचं कॅलेंडर फडफडलं.

"आत काय पाहिलंस?"

"काही नाही, साहेब."

साहेब हळूच स्टुलावर बसला.

"काच मागूनच बसते, ते मलाही कळतं. पण कुणी विचारलं तर 'काही नाही' असंच सांग. त्या गोल केलेल्या गावात, कत्तलीच्या वेळी, लहानपणी काय पाहिलंस, असं विचारलं की माझी आईही जन्मभर हेच सांगत आली."