लाल इंजिनाची शिट्टी

शिट्टी वाजत होती, चांगली कान किटवणारी, आणि सुकदेव सेल बदलूनही म्हणत होता की वाजत नाही.

उषाबाईला आधी थट्टाच वाटली. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, जेवण उरकून ती दाराशी उजेडात बसली होती, नवऱ्याकडे पाठ करून, साडीवर टिकल्या चिकटवत. भिंतीपलीकडे शेजारीण वर्षा हिचं तान्हं बाळ आत्ता कुठं झोपलं होतं. बंद करा ती, लेकरू उठेल, असं तिनं मान न वळवता दोनदा सांगितलं. तरी खेळण्यातली गाडी पत्र्याच्या रुळांवर गोल फिरतच राहिली, दर फेरीला एक शिट्टी देत. तिसऱ्यांदा सांगायला ती वळली, तर सुकदेवच्या कपाळावर घाम.

“मोटर चाली ऱ्हायनी,” तो म्हणाला. “मंग शिट्टी काब्रं नही वाजी ऱ्हायनी?”

नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. तो इंजिनावरच डोळे लावून बसला होता. पापणीसुद्धा हलली नाही त्याची. उषाबाईनं साडी बाजूला ठेवली.

अशा नऊ जुन्या जपानी गाड्या होत्या त्याच्याकडे, सेलवर चालणाऱ्या. अलंगला मोडायला आलेल्या बोटींवरचं सामान सुरतेच्या बाजारात येतं, त्यातून पंधरा वर्षांत एकेक करून उचललेल्या. लोक बायकोला झुमके आणतात आणि आमच्याकडे इंजिनं येतात, असं ती बायकांत सांगायची, पण माळ्यावरची जागा तिनंच करून दिली होती. डोळे मिटून नुसत्या घरघरीवरून तो सांगायचा की कोणती गाडी चालली आहे. एकदाही चुकला नव्हता. शिट्टीचं हे लाल इंजिन त्यांतलं एकुलतं एक, म्हणून ते वर्षातून एकदाच, आखाजीला खाली यायचं. गेल्या आखाजीला तो म्हणाला होता की यंदा जरा बारीक वाजतेय. दोघांनी मिळून सेलवर खापर फोडलं होतं.

आता तिला एकेक गोष्ट उमगत गेली. टीव्हीचा मोठा केलेला आवाज. मागून हाक मारली तरी न वळणारा नवरा, आणि त्यावरून तिनं तीन दिवस धरलेला अबोला. बावीस वर्षं तो कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात काढत होता. तिथं सगळेच ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात, मूठ आवळली की माग बंद आणि पंजा हलवला की चालू. तिथं कुणाला काय कळणार होतं? घरी आला की ती बोलत असताना तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. या वयात लाडात आलाय, असं वाटून ती मनातून सुखावायची. आता त्या सुखाची तिला लाज वाटली.

सुकदेवनं पेचकस घेतला. इंजिनाचा पत्रा खाली बारीक पट्ट्या दुमडून बसवलेला होता. या पट्ट्या एकदा सरळ केल्या की पुन्हा वाकवताना तुटतात, म्हणून चालतं इंजिन कधी उघडायचं नाही, हे त्यानंच तिला शंभरदा सांगितलं होतं.

“उघाडू नका तिले,” ती म्हणाली.

पण तो खाली वाकलेला होता. हात धरायला ती पुढं सरकली आणि थांबली. हात धरला तर का धरला ते सांगावं लागणार होतं. इंजिन चांगलं आहे एवढं म्हटलं की मग बिघडलेलं कोण, ते त्याला कळायला कितीसा वेळ लागला असता? तिचा हात तसाच राहिला. एक पट्टी उचलली गेली, मग दुसरी. तिसरी तुटून फरशीवर पडली. त्यानं ती पाहिली, ओठ चावला आणि चौथीत पेचकस घातला.

आतून त्यानं बोटाएवढी पत्र्याची नळी काढली. तीच शिट्टी. उजेडाकडे धरून आरपार पाहिली, सदऱ्याला पुसली. कुठं कचरा नाही, कुठं गंज नाही. मग ती ओठांत धरून त्यानं छाती भरून फुंकर मारली.

त्या एवढ्याशा खोलीत जो आवाज झाला त्यानं उषाबाईच्या डोक्यात कळ गेली. पलीकडे बाळ दचकून रडायला लागलं. वर्षानं भिंतीवर थाप मारली. सुकदेवनं पुन्हा फुंकर मारली, गळ्याच्या शिरा तट्ट फुगेपर्यंत, आणि पुन्हा एकदा. मग नळी हातात घेऊन त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

“उषा, खरं सांग,” तो म्हणाला. “वाजनी का?”

तिनं उजवा हात वर केला आणि मागावरच्यासारखी मूठ आवळली. शिट्टी बंद.

सुकदेव त्या मुठीकडे बघत नव्हता. तो तिच्या डाव्या हाताकडे बघत होता. तो हात अजून तिच्या कानावर घट्ट दाबलेला होता.